फेलूदा: आधी पुस्तक, मग ‘सोनार केल्ला’

‘सोनार केल्ला’ (म्हणजे सोन्याचा किल्ला) हा गुप्तहेर फेलूदाचा सिनेमा पाहायचा असेल तर पुस्तक आधी वाचून झालेलं हवं, हा माझ्या वाचनालयाचा नियम आहे. एरवी मी नियमांच्या बाबतीत सैल आहे. पुस्तक उशिरा आणलं तरी चालतं, पानाचा कोपरा दुमडला तरी मी ओरडत नाही. इथे मात्र सूट नाही. कारण सत्यजित राय यांनी स्वतःच्याच गोष्टीवर सिनेमा करताना त्यातलं रहस्य फार लवकर प्रेक्षकांसमोर उघडं करून टाकलंय. आधी सिनेमा पाहिला की पुस्तकातला शोध हातचा जातो. पुस्तक आधी वाचलं तर दोन्ही आनंद मिळतात, आणि ते दोन अगदी वेगळे आनंद आहेत.

मी छत्रपती संभाजीनगरात, जुन्या औरंगाबादेत, घराच्या पुढच्या खोलीत मुलांसाठी वाचनालय चालवते. रहस्यकथांचं कपाट दाराजवळ आहे, कारण मुलं आत आली की आधी तिथेच थबकतात. फास्टर फेणे, शेरलॉक होम्स आणि गेली काही वर्षं फेलूदा. फेलूदाचा मराठी संच रोहन प्रकाशनाचा, अशोक जैन यांनी अनुवादलेला, बारा पुस्तकांचा. या कपाटातून सर्वांत जास्त बाहेर असतात ती हीच पुस्तकं. त्यामुळे पुस्तकं आणि त्यांच्यावरचे सिनेमे यांबद्दल एकदा सविस्तर लिहावं असं वाटत होतं. सुट्टी लागण्याच्या आधी पालक हेच विचारायला येतात.

ज्यांना फेलूदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रदोषचंद्र मित्तिर ऊर्फ फेलूदा हा कोलकात्याचा खासगी गुप्तहेर, पत्ता २१, रजनी सेन रोड. त्याचा चुलतभाऊ तोपशे गोष्ट सांगतो. पहिली गोष्ट ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात १९६५ मध्ये सुरू झाली. हे मासिक राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ मध्ये काढलेलं. मध्ये बंद पडलेलं, ते १९६१ मध्ये राय यांनी सुभाष मुखोपाध्याय यांच्याबरोबर पुन्हा सुरू केलं. म्हणजे जगभर नाव झालेला दिग्दर्शक मुलांच्या मासिकाची पानं भरायला बसला आणि त्यातून फेलूदा जन्माला आला. पहिल्या गोष्टीत, दार्जिलिंगच्या, फेलूदा सत्तावीस वर्षांचा आहे आणि तोपशे साडेतेरा. हे साडेतेरा वय फार महत्त्वाचं. सगळं जग त्या मुलाच्या डोळ्यांनी दिसतं. फेलूदाला काय कळलंय ते तोपशेला कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून आपण वाट पाहत राहतो.

‘सोनार केल्ला’ची गोष्ट १९७१ ची. मुकुल नावाच्या लहान मुलाला मागच्या जन्मातलं काहीबाही आठवतं: सोन्याचा किल्ला, लढाई, वाळू, उंट. तो रात्री उठून चित्रं काढतो. वर्तमानपत्रात बातमी छापून येते आणि त्या किल्ल्यात खजिना असणार, असं काही लोकांच्या डोक्यात येतं. मुलाला घेऊन एक परामानसशास्त्रज्ञ, डॉक्टर हाजरा, राजस्थानात गेलेले असतात. त्याचे वडील घाबरून फेलूदाकडे येतात. त्यानंतर आग्रा, जयपूर, जोधपूर, बिकानेर, जैसलमेर असा एका मुलाच्या मागे लागलेला प्रवास.

पुस्तकात कोण चांगला आणि कोण वाईट हे तोपशेला शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून वाचकही चाचपडत राहतो. सातवीतल्या एका मुलीने माझ्याकडे पुस्तक परत करताना मधल्या पानावर पेन्सिलीने एका पात्राच्या नावाखाली रेघ मारून ‘हाच!’ असं लिहिलं होतं. ती चुकली होती. ती खूण मी पुसली नाही. पुढच्या मुलांनी त्याखाली आपापले अंदाज लिहिले. पुस्तकाची ही मजा सिनेमात नाही, आणि राय यांना ती तिथे नकोच होती.

१९७४ च्या सिनेमात जयपूरजवळच्या नाहरगडावर एक माणूस दुसऱ्याला कड्यावरून ढकलतो आणि हे आपल्याला समोर दिसतं. फेलूदाला माहीत नाही, तोपशेला माहीत नाही, आपल्याला मात्र माहीत आहे. तिथून पुढे सिनेमाचा प्रश्नच बदलतो. गुन्हेगार कोण, हे शोधायचं उरत नाही. त्या माणसाचं बोट धरून हसत-खेळत चाललेल्या मुकुलचं काय होणार, याची धाकधूक उरते. माझ्या खोलीत हा सिनेमा लावते तेव्हा लहान मुलं या ठिकाणी ओरडतात. पडद्याकडे बघून मुकुलला सांगतात, त्याच्याबरोबर जाऊ नकोस म्हणून. पुस्तक वाचताना असं कुणी ओरडत नाही. तेव्हा कपाळाला आठ्या घालून विचार चालू असतो.

मला हा निर्णय फार धाडसाचा वाटतो. लेखक स्वतः, दिग्दर्शक स्वतः, गोष्ट बंगाली घराघरात वाचलेली. दुसऱ्या कुणीही ते गुपित शेवटपर्यंत जपलं असतं. पण प्रेक्षकांपैकी कितीतरी जणांना पुस्तकामुळे गुन्हेगार माहीतच होता, मग पडद्यावर तो लपवून काय मिळालं असतं? राय यांनी गोष्टीचा गाभा कुठे आहे ते ओळखलं. गाभा आहे मुकुल. कुशल चक्रवर्ती या मुलाने तो असा केला आहे की त्याच्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही. तो हसत नाही. मोठी माणसं त्याला खूश करायला बघतात, किल्ल्यामागून किल्ला दाखवतात, आणि तो प्रत्येक किल्ला बघून सांगतो की हा नाही. शेवटी जैसलमेर येतं, पिवळ्या वालुकाश्माचं, उन्हात खरोखर सोन्यासारखं. तो किल्ला ११५६ मध्ये रावल जैसलने बांधायला घेतला आणि आजही त्याच्या आत माणसं राहतात. या सिनेमानंतर बंगाली पर्यटकांची तिथे रीघ लागली. आजही तिथल्या गल्ल्यांत सिनेमाच्या नावाच्या पाट्या दिसतात.

आणि मधला प्रवास! टायर पंक्चर होतं, रस्त्यावर मुद्दाम पसरलेल्या काचा असतात, गाडी चुकते आणि मग उंटांवर बसून रेल्वे गाठायची धडपड. रामदेवरा स्टेशनवर रात्री गाडीची वाट बघत बसतात तो प्रसंग मला सगळ्यात आवडतो. तिथे काहीच घडत नाही. थंडी आहे, अंधार आहे, लोकगायक गाताहेत, तीन माणसं बसली आहेत. आजकालच्या मुलांसाठीच्या सिनेमांत असा निवांतपणा कुणी ठेवत नाही. मुलं कंटाळतील या भीतीने दर मिनिटाला काहीतरी फोडतात. माझी मुलं इथे कंटाळत नाहीत. ती पुढे सरकून बसतात.

जटायूबद्दल लिहायला हवं. लालमोहन गांगुली, टोपणनाव जटायू, धाडसी कादंबऱ्यांचे लोकप्रिय लेखक. त्यांचा नायक प्रखर रुद्र काहीही करू शकतो आणि स्वतः लालमोहनबाबू मात्र घाबरट, भोळे आणि मनाने मोठे. ते या मालिकेत ‘सोनार केल्ला’मध्येच येतात, कानपूरला गाडीत चढतात आणि पुढे कधीच उतरत नाहीत. उंटाबद्दल त्यांच्या पुस्तकात चूक आहे, ती फेलूदा पहिल्याच भेटीत दुरुस्त करतो. ते रागावत नाहीत, पुढच्या आवृत्तीत बदल करू म्हणतात. मुलांना हे फार भावतं. मोठा माणूस, छापील पुस्तकं लिहिणारा, आणि चूक निघाली तर मान्य करतो.

पडद्यावर ही भूमिका केली संतोष दत्त यांनी. ते व्यवसायाने वकील होते. उंटावर बसण्याआधी त्यांनी उंटाबद्दल विचारलेले प्रश्न, उंट उठताना झालेली त्यांची अवस्था आणि तरीही सुटू न दिलेला रुबाब, हे बघताना लहान मुलं हसून लोळतात. पण मला त्यांच्यातलं दुसरंच काही दिसतं. भीती वाटत असूनही ते मित्रांना सोडून जात नाहीत. फेलूदाकडे पिस्तूल आहे, बुद्धी आहे. तोपशेकडे फेलूदा आहे. जटायूंकडे काहीच नाही, तरी ते येतात. म्हणून मला ते तिघांतले सगळ्यात शूर वाटतात.

संतोष दत्त यांनी जटायू असे उभे केले की राय यांनी पुढच्या पुस्तकांसाठी स्वतः काढलेल्या चित्रांतले जटायू हळूहळू त्यांच्यासारखे दिसू लागले. सिनेमा पुस्तकावरून होतो हे नेहमीचं. इथे पुस्तकाने सिनेमाकडून चेहरा घेतला. १९८८ मध्ये संतोष दत्त गेले, आणि त्यांच्याशिवाय फेलूदाचा सिनेमा करणार नाही असं राय यांनी ठरवलं. केलाही नाही.

दुसरा सिनेमा ‘जय बाबा फेलुनाथ’, १९७९ चा, बनारसचा. हा मी सातवीच्या खालच्या मुलांना दाखवत नाही. कारण एकच, मगनलाल मेघराज. उत्पल दत्त यांनी केलेला हा माणूस आवाज चढवत नाही. गादीवर लोडाला टेकून बसतो, पाहुण्यांना सरबत देतो आणि मग जटायूंना फळीला पाठ लावून उभं करतो. समोर अर्जुन नावाचा म्हातारा सुरीफेक्या, थरथरत्या हाताचा. सुऱ्या एकेक करून जटायूंच्या भोवती फळीत रुततात. फेलूदा तिथेच बसलेला आहे आणि काहीही करू शकत नाही. (हा अर्जुन केलाय कामू मुखर्जी यांनी, ज्यांनी ‘सोनार केल्ला’त मंदार बोस हा थापाड्या खलनायक केला होता. दोन्ही सिनेमे पाहूनही तो एकच माणूस आहे हे माझ्या बऱ्याच मुलांना सांगावं लागलं.)

हा प्रसंग बघून एक मुलगा बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. मी त्याच्यामागे गेले तर म्हणाला, फेलूदाने काहीच का नाही केलं? त्याचं बरोबर होतं. नायकाचा असा अपमान मुलांच्या गोष्टीत सहसा नसतो. त्यानंतर घाटावर बसून फेलूदा म्हणतो की एक तर याचा बदला घेईन, नाहीतर हे काम सोडून देईन. फेलूदा झालेले सौमित्र चटर्जी हे वाक्य इतक्या हळू म्हणतात की सबटायटल वाचायला उशीर झाला तर निसटतं. त्या मुलाला मी हाताला धरून आत आणलं, कारण शेवटी हिशेब पुरा होतो आणि तो कसा होतो हे त्याने बघायलाच हवं होतं.

कथानक म्हणून ‘जय बाबा’ ‘सोनार केल्ला’पेक्षा घट्ट आहे. घोषाल कुटुंबाच्या वाड्यातून हरवलेला छोटा गणपती, दुर्गापूजेसाठी घडत असलेली मूर्ती, मछलीबाबा नावाचा भोंदू आणि घरातला रुकू नावाचा मुलगा, जो दिवसभर साहसकथांच्या जगात वावरतो. इथेही मूल मध्यभागी आहे, पण मुकुलच्या उलट. मुकुलला लोक गोष्टीत ओढतात, रुकू स्वतः गोष्ट रचतो. गणपती कुठे आहे ते मी सांगणार नाही. पुस्तकात आणि सिनेमात दोन्हीकडे ती जागा इतकी डोळ्यांसमोर आहे की उलगडा झाल्यावर मुलं कपाळावर हात मारून घेतात.

आता मराठी पुस्तकांबद्दल. अशोक जैन महाराष्ट्र टाइम्सचे पत्रकार होते, आणि ते भाषेत जाणवतं. वाक्यं सरळ, पुढे नेणारी. मुलांना अडखळायला होत नाही. पाचवी-सहावीचं मूल एका बैठकीत एक गोष्ट संपवू शकतं. बंगालीपणा पुसलेला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. माणसांची नावं, कोलकात्याचे रस्ते, नातेवाइकांची हाक मारायची पद्धत तशीच राहते, आणि मराठी मुलं ती दोन-चार पानांत आपलीशी करतात. माझ्याकडे आता थोरल्या भावाला थट्टेने ‘दा’ लावून हाक मारणारी मंडळी आहेत.

तक्रारी दोन आहेत आणि त्या मालिकेबद्दलच आहेत. पहिली तक्रार मुलींची. फेलूदाच्या जगात बायका आणि मुली जवळजवळ नाहीतच. घरातली कुणी चहा आणून देते, कुणाची आई दारात उभी असते, एवढंच. माझ्या सभासदांत निम्म्याहून जास्त मुली आहेत, त्या तोपशे होऊन वाचतात आणि त्यांना ते जमतंही. पण तोपशेला बहीण का नाही, हा प्रश्न मला दर सुट्टीत विचारला जातो आणि माझ्यापाशी त्याला समाधानकारक उत्तर नाही. राय मुलांच्या मासिकासाठी लिहीत होते, म्हणून मोठ्यांचे गुन्हे, प्रेमप्रकरणं वगैरे त्यांना टाळायची होती, हे समजतं. पण मुलीला तोपशेच्या जागी बसवायला यातलं काहीच आड येत नव्हतं. दुसरी तक्रार पालकांची. फेलूदा सारखा चारमिनार सिगारेट ओढतो. मी मुलांना सांगते की ती साठ-सत्तरची दशकं होती आणि आज फेलूदा असता तर त्याने ती सोडली असती. पुस्तक द्यायचं थांबवत मात्र नाही.

या मालिकेतली एक गोष्ट आमच्या गावाची आहे. ‘कैलाशे केलेंकारी’, १९७३ ची. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरावरच्या यक्षीचं मुंडकं चोरीला जातं, ते देशाबाहेर जाणार हे फेलूदाचे जाणकार काका सिधूज्याठा येऊन अस्वस्थ होऊन सांगतात, आणि माग काढत फेलूदा, तोपशे, जटायू थेट औरंगाबादला आणि वेरूळला येतात. वेरूळला हिंदी सिनेमाचं शूटिंगही चालू असतं. आमच्या मुलांना वेरूळ म्हणजे शाळेची सहल, पुरीभाजीचे डबे आणि घृष्णेश्वरचं दर्शन. तेच वेरूळ कोलकात्याचा एक मुलगा आ वासून बघतोय, हे वाचताना त्यांचे चेहरे बदलतात. आपण रोज ज्याच्याजवळ राहतो ते कुणाला तरी इतकं अद्भुत वाटलं!

दर हिवाळ्यात मी मोठ्या मुलांना हे पुस्तक घेऊन वेरूळला नेते. शहरापासून साधारण तीस किलोमीटर. सोळाव्या लेण्यात, कैलासच्या प्रांगणात, एका बाजूला बसून आम्ही त्यातली पानं मोठ्याने वाचतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेलं हे देऊळ. पाया घालून वर चढवत नेलेलं काहीच नाही, नको तो दगड काढून टाकलाय. फेलूदा प्रवासाला निघण्याआधी त्या जागेबद्दलचं पुस्तक वाचून येतो आणि तोपशेला सांगतो, तेच आम्हीही करतो. एकदा एका मुलाने हात तुटलेल्या एका मूर्तीसमोर उभं राहून विचारलं की हाही कुणी चोरून नेला का. इथली शिल्पं वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या कारणांनी भंगली आहेत, तेव्हा नक्की कसं सांगणार? पण त्या मुलाने तो प्रश्न विचारला, याचं श्रेय त्या गोष्टीला. त्यानंतर आम्ही पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याबद्दल बोललो. तो कायदा १९७२ चा आणि गोष्ट त्याच्या पुढच्याच वर्षीची. मूर्तिचोरी तेव्हा सगळ्यांना डाचत होती आणि राय यांनी तो विषय मुलांपर्यंत नेला. इतक्या कोरड्या विषयावर इतकी थरारक गोष्ट लिहिता येते, हे मला आजही नवल वाटतं.

या गोष्टीवर संदीप राय यांनी २००७ मध्ये सिनेमा केला. सत्यजित राय यांचे हे चिरंजीव. सव्यसाची चक्रवर्ती फेलूदा, परमब्रत चटर्जी तोपशे, विभू भट्टाचार्य जटायू. वेरूळ पडद्यावर बघायला मिळणार म्हणून मुलं हरखली होती. सव्यसाचींचा आवाज, उंची, डोळ्यांतली धार, सगळं फेलूदाला शोभतं, आणि बंगालमध्ये एका पिढीसाठी तेच फेलूदा आहेत. पण तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि तोपशेही मुलगा राहिला नव्हता. गोष्ट आजच्या काळात आणल्यामुळे हातात मोबाइल आले. माझा आक्षेप मोबाइलला नाही. सिनेमा वेरूळला पोचतो, पण थांबत नाही. कॅमेरा कैलासवरून फिरतो आणि लगेच पाठलागाकडे वळतो. रामदेवरा स्टेशनवरची ती रात्र ज्याने पाहिली आहे, त्याला लगेच कळतं की काय हरवलंय. पुस्तकाशी हा सिनेमा ‘सोनार केल्ला’पेक्षा कितीतरी जास्त प्रामाणिक आहे. रहस्य शेवटपर्यंत जपलं आहे, प्रसंग क्रमाने आहेत. मात्र सिनेमा संपल्यावर कुणी तो पुन्हा लावा म्हणालं नाही.

त्याच चमूचा ‘बोंबाइयेर बोंबेटे’, २००३ चा, मला जास्त आवडतो. जटायूंच्या कादंबरीवर मुंबईत हिंदी सिनेमा निघतोय आणि ते स्वतः तिथे येतात. इथे वेगच हवा होता, कारण गोष्टच मसालापटाच्या शूटिंगची आहे, शेवट धावत्या रेल्वेवर. विभू भट्टाचार्य संतोष दत्त यांची नक्कल करत नाहीत, आपल्या परीने जटायू होतात. मोठ्या पडद्यावरचा लेखक म्हणून मिरवताना त्यांचा आनंद बघण्यासारखा आहे.

एक मराठी धागाही आहे. १९८० च्या दशकात दूरदर्शनसाठी संदीप राय यांनी काठमांडूच्या गोष्टीवर हिंदीत ‘किस्सा काठमांडू का’ केला. त्यात फेलूदा शशी कपूर, मगनलाल पुन्हा उत्पल दत्त, आणि जटायू आपले मोहन आगाशे. शशी कपूर तेव्हा शरीराने बरेच जड झाले होते. माणूस देखणा आणि जीव ओतून काम करणारा, पण फेलूदाची चपळाई तिथे नाही. आगाशे मात्र बघाच. ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस ज्यांनी रंगमंचावर गाजवला, तो माणूस असा भाबडा, गांगरलेला लेखक करतो. मूळ गोष्ट बनावट औषधांची आहे, आजही वर्तमानपत्रात वाचावी अशी. जुनं दूरदर्शन बघायची सवय असलेल्या आजी-आजोबांबरोबर बघितलं तर जास्त रंगतं.

२०२० पासून श्रीजित मुखर्जी यांनी वेबमालिका केल्या. टोटा राय चौधुरी फेलूदा, अनिर्वाण चक्रवर्ती जटायू. कष्ट दिसतात, जुन्या सिनेमांवरचं प्रेम तर प्रत्येक चौकटीत दिसतं. पण त्या बघताना मला सारखं वाटत राहिलं की त्या माझ्या वयाच्या, फेलूदा वाचून मोठ्या झालेल्या माणसांसाठी केल्या आहेत. आमच्या खोलीतल्या सहावीच्या मुलाला त्यातल्या आठवणी माहीत नाहीत, त्याला गोष्ट हवी असते.

हेच मला २०१७ च्या मराठी ‘फास्टर फेणे’बद्दलही वाटलं होतं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, सायकलवरून सुटणारा, ट्टॉक करणारा शाळकरी पोरगा. सिनेमात तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला तरुण झाला. अमेय वाघने काम चोख केलं, गिरीश कुलकर्णींचा अप्पा अंगावर येतो, परीक्षेतल्या घोटाळ्याचा विषय खरा आणि जवळचा. दिलीप प्रभावळकरांना खुद्द भागवतांच्या भूमिकेत आणणं ही सुंदर कल्पना होती. मोठ्यांसाठी तो चांगला थरारपट आहे आणि मी तो दोनदा आनंदाने पाहिला. पण माझ्याकडचा दहा वर्षांचा वाचक सिनेमा पाहून आला आणि म्हणाला, बन्या खूप मोठा झाला. नायकाचं वय बदललं की त्याच्या शेजारी उभं राहणाऱ्या वाचकाची जागा जाते. राय यांनी सिनेमासाठी रहस्य सोडलं, गुन्हेगार उघडा केला, पण तोपशेला तोपशेच ठेवलं आणि मुकुलला मुकुल.

सबटायटल्सबद्दल पालक विचारतात. राय यांच्या दोन्ही सिनेमांची सबटायटल्स इंग्रजीत असतात आणि लहान मुलांना ती झेपत नाहीत. मी स्वतः बाजूला बसून मराठीत सांगत जाते. सुरुवातीला सगळं सांगावं लागतं, मध्यंतरापर्यंत निम्मं, कारण बंगाली कानाला लवकर ओळखीची होते आणि पुस्तक वाचलेलं असल्याने कोण काय म्हणणार याचा अंदाज असतो. घरी बघणार असाल तर कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसा. मुलाला एकटं बसवून सिनेमा लावून देऊ नका, नुसत्या चित्रांवर अर्धी मजा जाते.

सुट्टीसाठी माझा क्रम असा: ‘सोनार केल्ला’ची गोष्ट वाचा, लगेच त्याच आठवड्यात सिनेमा. मग ‘कैलाशे केलेंकारी’ची गोष्ट. सिनेमा नाही पाहिला तरी चालेल. मूल मोठं असेल तर त्यानंतर ‘जय बाबा फेलुनाथ’, गोष्ट आणि सिनेमा दोन्ही, आणि सुऱ्यांच्या प्रसंगाच्या वेळी तुम्ही खोलीतच असा. मुंबईची गोष्ट लांबच्या रेल्वेप्रवासासाठी राखून ठेवा. मराठवाड्यात किंवा जवळपास असाल तर वेरूळला पुस्तक बरोबर न्या. मंगळवारी लेणी बंद असतात, आणि कैलासच्या आवारात सकाळी लवकर पोचलात तर वाचायला सावलीची जागा मिळते.